पालकांनी रुजवलेले बीज : ब्रिटनीतील द्विभाषिक 'दीवान' शाळा

फ्रान्समध्ये शाळा ही शासनाची जबाबदारी मानली जाते. १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. तेव्हापासून शिक्षक, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची सूत्रे पॅरिसमधील शिक्षण मंत्रालयाच्या हाती राहिली आहेत. पालकांनी मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडावे आणि संध्याकाळी न्यायला यावे, अशी तेथील जुनी रीत आहे. वर्षाच्या सुरुवातीला पालक-प्रतिनिधींची निवडणूक होते, प्रत्येक सत्रात एकदा शाळा परिषदेची बैठक भरते आणि तेथे पालकांचे म्हणणे ऐकले जाते. मात्र शाळा चालवणे हे पालकांचे काम समजले जात नाही.

याच देशाच्या वायव्य टोकाला, ब्रिटनी प्रांतात, याच्या नेमका उलट प्रयोग गेली जवळपास पाच दशके सुरू आहे. ब्रेतॉन आणि फ्रेंच अशा दोन भाषांत शिकवणाऱ्या 'दीवान' शाळा पालकांनी स्थापन केल्या, पालकांनी वाढवल्या आणि आजही त्यांचा मोठा भार पालकच वाहतात. 'दीवान' हा ब्रेतॉन शब्द असून त्याचा अर्थ 'अंकुर' असा होतो. आपल्याकडील दिवाणाशी त्याचा काही संबंध नाही. सुमारे ४ हजार विद्यार्थी या शाळांत शिकतात. देशाच्या एकूण विद्यार्थिसंख्येत हा आकडा अगदी किरकोळ आहे. तरीही या शाळांवरून फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठांमध्ये वाद झाले, संसदेत मतदान झाले आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. एका भाषेचे पुढील पिढीत काय होणार, हा प्रश्न त्यामागे आहे.

एका पिढीत तुटलेला धागा

ब्रेतॉन ही फ्रेंचची बोली नव्हे. ती केल्टिक कुळातील भाषा असून वेल्स आणि कॉर्नवॉल येथील भाषांची सख्खी बहीण आहे. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास ब्रिटनमधून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी ती येथे आणली. प्रांताच्या पश्चिम भागात ती बोलली जाते. पूर्व भागात गॅलो नावाची, फ्रेंचच्या जवळची, वेगळी बोली आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रेतॉन बोलणाऱ्यांची संख्या १० लाखांहून अधिक होती. त्यांपैकी अनेकांना फ्रेंच येतही नसे. शाळेत मात्र ब्रेतॉनला मज्जाव होता. वर्गात किंवा मैदानावर ब्रेतॉन शब्द उच्चारणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा, जुना खडावा अशी एखादी वस्तू अडकवली जाई. तिला 'सिंबोल' म्हणजे खूण, किंवा ब्रेतॉनमध्ये 'गाय' असे नाव होते. दुसरे कोणी मूल ब्रेतॉन बोलताना सापडले की ती वस्तू त्याच्या गळ्यात जायची आणि दिवसअखेर ज्याच्याकडे ती उरे त्याला शिक्षा होई. आपली भाषा म्हणजे लाज, हा धडा या मुलांनी शाळेतच गिरवला.

दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीचे यांत्रिकीकरण झाले, तरुण मंडळी शहरांकडे आणि पॅरिसकडे निघाली, घरोघरी रेडिओ आणि दूरचित्रवाणी आली. नोकरी हवी तर फ्रेंच हवे, हे आईवडिलांना पटले आणि त्यांनी मुलांशी ब्रेतॉन बोलणे थांबवले. १९५१ च्या देक्सॉन कायद्याने प्रादेशिक भाषा ऐच्छिक विषय म्हणून शिकवण्यास परवानगी दिली. पण आठवड्यातील एखाद्या तासाने तुटलेला धागा जुळणे शक्य नव्हते. आजीआजोबा आपापसात एक भाषा बोलतात आणि नातवंडांशी दुसरी, असे चित्र १९६० च्या दशकात असंख्य घरांत दिसू लागले.

पाच मुलांची बालवाडी

१९७० च्या दशकात वारे काहीसे फिरले. आलाँ स्तिव्हेल यांच्यासारख्या कलावंतांनी ब्रेतॉन संगीताला देशभर लोकप्रियता मिळवून दिली. ज्यांच्यापर्यंत भाषा पोहोचलीच नाही, अशा तरुण पिढीला आपण काय गमावले याची जाणीव होऊ लागली. याच सुमारास शेजारून दोन उदाहरणे समोर आली. वेल्समध्ये पालकांच्या पुढाकाराने वेल्श भाषेतील बालवाड्यांची चळवळ उभी राहिली होती. फ्रान्सच्याच नैर्ऋत्य सीमेवर बास्क पालकांनी १९६९ मध्ये 'सेआस्का' ही संस्था स्थापून 'इकास्तोला' या नावाच्या बास्क शाळा सुरू केल्या होत्या.

शासन शाळा काढत नसेल तर आपणच काढू, असा निर्णय ब्रिटनीतील काही पालकांनी घेतला. १९७७ मध्ये फिनिस्तेर जिल्ह्यातील लांपोल-प्लुदालमेझो या समुद्रकाठच्या लहानशा गावात पहिली दीवान बालवाडी भरली. मुले होती अवघी पाच. पहिले शिक्षक होते देनेझ आबेर्नो. पुढच्याच वर्षी, मार्च १९७८ मध्ये, याच परिसरातील किनाऱ्याजवळ 'अमोको कादिझ' हे तेलवाहू जहाज फुटले आणि प्लुदालमेझोचे नाव जगभर गेले. बालवाडीची बातमी मात्र तेव्हा ब्रिटनीबाहेर फारशी कोणाला ठाऊक नव्हती.

शासनाकडून एक फ्रँकही मिळणार नव्हता. शिक्षकाचा पगार, जागा, शैक्षणिक साहित्य असा सारा खर्च वर्गणीतून भागवायचा होता. तरीही एकेका गावात पालकांचे गट पुढे आले आणि बालवाड्यांची संख्या वाढली. बालवाडीतील मुले मोठी झाली तशी प्राथमिक शाळा काढावी लागली. १९८८ मध्ये ब्रेस्त शहराच्या परिसरात पहिली माध्यमिक शाळा आणि १९९४ मध्ये उच्च माध्यमिक शाळा सुरू झाली. ही उच्च माध्यमिक शाळा पुढे प्रांताच्या मध्यभागी असलेल्या कारे या गावी हलवण्यात आली. संस्थेची वाढ कशी झाली, याचे उत्तर अगदी साधे आहे. पहिल्या तुकडीतील मुलांचे वय वाढत गेले आणि त्यांच्या पाठोपाठ इयत्ता निघत गेल्या.

वर्गात भाषा कशी रुजते

दीवानची शिक्षणपद्धती 'निमज्जन' म्हणून ओळखली जाते. मुलाला त्या भाषेत अक्षरशः बुडवून टाकायचे, असा तिचा अर्थ. बालवाडीत दोन-तीन वर्षांचे मूल आले की त्याच्याशी ब्रेतॉनमध्येच बोलले जाते. गाणी, खेळ, जेवण, हात धुणे, भांडण मिटवणे हे सारे त्याच भाषेत होते. बहुतेक मुलांच्या घरी फ्रेंच बोलले जात असल्याने सुरुवातीचे काही महिने मूल ऐकते आणि फ्रेंचमध्ये उत्तर देते. हळूहळू एकेक शब्द, मग वाक्ये येऊ लागतात.

लिहिणे-वाचणे मुले आधी ब्रेतॉनमध्ये शिकतात. प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या इयत्तेच्या सुमारास फ्रेंचचे तास सुरू होतात आणि वरच्या इयत्तांत त्यांचे प्रमाण वाढत जाते. एका भाषेत वाचनाची कळ गवसली की दुसऱ्या भाषेसाठी ती नव्याने शोधावी लागत नाही, हे या पद्धतीमागील तत्त्व आहे. घर, रस्ता, दूरचित्रवाणी, मित्रमंडळी सर्वत्र फ्रेंच असल्याने ती भाषा मुलाला येणारच असते. कमतरता असते ती ब्रेतॉनची. म्हणून शाळेने तराजूचे हलके पारडे जड करायचे. प्राथमिक शाळेच्या अखेरीस दोन्ही भाषांवर सारखे प्रभुत्व यावे, असे उद्दिष्ट असते. अभ्यासक्रम देशातील इतर शाळांचाच असतो आणि परीक्षाही त्याच द्याव्या लागतात.

या शाळा मोफत आहेत, धर्मनिरपेक्ष आहेत आणि कोणत्याही मुलाला खुल्या आहेत. कायद्याच्या भाषेत मात्र त्या खासगी शाळा ठरतात आणि पालकांच्या अडचणी तेथूनच सुरू होतात.

पाच वर्षांची कसोटी

फ्रान्समध्ये १९५९ च्या देब्रे कायद्यानुसार खासगी शाळा शासनाशी करार करू शकते. करार झाला की शिक्षकांचा पगार शासन देते आणि त्या बदल्यात शाळेला राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळावा लागतो. अट अशी की, नव्या शाळेने सर्वसाधारणपणे आधी पाच वर्षे स्वबळावर चालून दाखवायचे. या पाच वर्षांतील पगाराचा भार संस्थेवर पडतो. एखाद्या गावात दीवान शाळा काढायची तर तेथील पालकांना किती मजल मारायची आहे, याची कल्पना यावरून येते.

इमारतीचा प्रश्न आणखी बिकट आहे. १८८६ च्या गोब्ले कायद्यामुळे खासगी प्राथमिक शाळेच्या बांधकामासाठी नगरपालिकेला सरळ पैसा देता येत नाही. हा कायदा चर्चच्या शाळांना समोर ठेवून झाला होता. पण खासगी या एकाच शिक्क्यामुळे धर्मनिरपेक्ष दीवान शाळाही त्याच्या कक्षेत आल्या. त्यामुळे एखाद्या सहानुभूतीच्या महापौराने विद्यार्थ्यांअभावी बंद पडलेल्या सरकारी शाळेची इमारत वापरायला दिली तर ठीक. नाहीतर तात्पुरत्या खोल्या उभाराव्या लागतात. रंगरंगोटी, कुंपण, खेळाच्या मैदानाची डागडुजी ही कामे पालक सुट्टीच्या दिवशी एकत्र येऊन करतात. आपल्याकडील श्रमदानाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. कोणी सुतार असतो, कोणी वीजतंत्री, कोणी हिशेबनीस; ज्याच्या हाती जी कला असेल ती शाळेच्या कामी येते.

या कामाची एक रचना ठरून गेली आहे. प्रत्येक शाळेमागे पालकांची संघटना असते. रोजच्या व्यवस्थापनाचे काम एक मंडळ पाहते. त्यात कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, नगरपालिकेशी वाटाघाटी, भोजनगृह आणि हिशेब यांचा समावेश होतो. निधी जमवण्याचे काम दुसऱ्या मंडळाकडे असते. त्याला ब्रेतॉनमध्ये 'कुझुल-स्कोआझेल', म्हणजे साहाय्य समिती, असे म्हणतात. या समितीत पालकांसोबत आजीआजोबा, माजी विद्यार्थी आणि गावातील भाषाप्रेमी मंडळीही असतात. सर्व शाळांना जोडणारी मध्यवर्ती दीवान संस्था शिक्षणाचे धोरण आणि एकूण अर्थव्यवहार पाहते आणि तिच्या कारभारातही पालकांचा वाटा असतो. मूल शाळेत घालताना पालकाला ही सर्व व्यवस्था समजावून सांगितली जाते. फी नाही, पण वेळ द्यावा लागेल, असा तो अलिखित करार असतो.

नाच, बाजार आणि धावणारा निरोप

निधीसाठी होणारे कार्यक्रम हेच या शाळांच्या सामाजिक जीवनाचे केंद्र बनले आहे. त्यात पहिला मान 'फेस्त-नोझ'चा. या शब्दांचा अर्थ 'रात्रीचा उत्सव'. गावच्या सभागृहात वादक आणि गायक जमतात आणि लहानथोर एकमेकांचे हात धरून, करंगळीत करंगळी गुंफून, फेर धरतात. एक गायक ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो, अशी गाण्याची जुनी पद्धत आहे. या उत्सवाचा समावेश युनेस्कोने २०१२ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. दीवानच्या पालकांसाठी मात्र फेस्त-नोझ म्हणजे कामाचीही रात्र असते. तिकिटे फाडणे, तव्यावर क्रेप घालणे, सिडर देणे, मध्यरात्रीनंतर सभागृह झाडणे हे सारे तेच करतात. जमलेल्या पैशातून शाळेचा खर्च भागतो.

फेस्त-नोझच्या जोडीला जुन्या वस्तूंचे बाजार असतात. घरातील कपडे, खेळणी, पुस्तके, फर्निचर मांडून विकले जाते आणि मांडवाचे भाडे शाळेला मिळते. नाताळापूर्वी केक आणि मिठाई विकली जाते, उन्हाळी सुट्टीच्या आधी शाळेची जत्रा भरते. हे उपक्रम फ्रान्समधील इतरही शाळांत होतात. फरक इतकाच की, तेथे त्या पैशातून सहल निघते आणि येथे त्यावर शाळा चालते.

सर्वांत मोठा उपक्रम 'रेदादेग'चा. हा ब्रेतॉन शब्द 'धाव' या अर्थाचा आहे. बास्क प्रदेशात १९८० पासून होणाऱ्या 'कोर्रिका' या दौडीवरून स्फूर्ती घेऊन २००८ मध्ये ती सुरू झाली आणि दर दोन वर्षांनी भरवण्यात येऊ लागली. ही शर्यत नसते, कोणी जिंकत नाही. हातातील दंडात एक गुप्त निरोप ठेवलेला असतो आणि तो रात्रंदिवस न थांबता, हातोहात, गावोगाव नेला जातो. अखेरच्या ठिकाणी तो उघडून वाचला जातो. प्रत्येक किलोमीटर विकत घ्यायचा असतो. कोणी कुटुंब, कोणी दुकानदार, कोणी नगरपालिका, कोणी शाळा आपापला किलोमीटर घेते आणि त्या अंतरात दंड त्यांच्या हाती असतो. पहिल्या दौडीचे अंतर सुमारे ६०० किलोमीटर होते. २०२२ मध्ये ते २,०२२ किलोमीटरपर्यंत पोहोचले. उत्पन्नाचा मोठा वाटा दीवानकडे जातो आणि उरलेली रक्कम ब्रेतॉन भाषेच्या इतर उपक्रमांना दिली जाते. पहाटे तीन वाजता, पावसात, एखाद्या आडगावच्या रस्त्यावर आपल्या किलोमीटरची वाट पाहत उभे असलेले पालक आणि मुले हे त्या दिवसांतील नेहमीचे दृश्य असते.

भाषा न येणारे पालक

या सगळ्या धडपडीतील विशेष गोष्ट अशी की, ज्या भाषेसाठी हे पालक राबतात ती त्यांच्यापैकी बहुसंख्यांना येत नाही. ते त्या तुटलेल्या पिढीचे वारसदार आहेत. काहींची मुळे ब्रिटनीत आहेत, काही नोकरीनिमित्त बाहेरून आलेले आहेत. भाषेच्या ओढीने येणारे पालक असतात, तसेच लहान वर्ग, घरगुती वातावरण किंवा लहानपणीच दोन भाषा येण्याचा लाभ पाहून येणारेही असतात.

याचे परिणाम रोजच्या व्यवहारात दिसतात. मुलाने वाचलेले पुस्तक आईला कळत नाही. गृहपाठात मदत करता येत नाही. यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी पालकांसाठी संध्याकाळचे वर्ग चालतात. प्रौढांना ब्रेतॉन शिकवणाऱ्या स्वतंत्र संस्था असून त्यांतील काही सहा-सहा महिन्यांचे पूर्णवेळ अभ्यासक्रम चालवतात. असा अभ्यासक्रम पूर्ण करून पुढे शिक्षक किंवा बालवाडीसेविका झालेले लोकही आहेत. मुलांसाठी ब्रेतॉनमध्ये पुस्तके आणि मासिके काढणारे प्रकाशक पुढे आले आणि १९९४ मध्ये शालेय साहित्य तयार करणारे 'तेस' हे प्रकाशन केंद्र सुरू झाले. शाळा निघाल्यामुळे शिक्षक, लेखक, प्रकाशक, नाटकवाले, ध्वनिमुद्रण करणारे असे एक लहानसे विश्व तिच्याभोवती उभे राहिले.

आजीआजोबांचे स्थान येथे वेगळेच आहे. ज्यांच्या गळ्यात कधीकाळी 'गाय' अडकवली गेली, त्यांची नातवंडे आता त्याच भाषेत गणित शिकतात. प्रारंभी अनेक वृद्धांना हा प्रकार विचित्र वाटे. शिवाय शाळेतील प्रमाण ब्रेतॉन आणि गावातील बोली यांत उच्चारांचे आणि शब्दांचे अंतर असते. ते मिटवण्यासाठी काही शाळा गावातील वृद्धांना बोलावून गोष्टी सांगायला लावतात, जुनी गाणी आणि खेळ शिकवायला लावतात. मधली पिढी वगळून भाषेचा धागा जोडण्याचा हा प्रयत्न असतो आणि त्या मधल्या पिढीचे लोकच तो घडवून आणतात.

न्यायपीठापुढे शाळा

खासगी शाळेचा शिक्का पुसून सरकारी व्यवस्थेत सामील व्हावे, असा प्रयत्न दीवानने एकदा केला. तत्कालीन शिक्षणमंत्री जाक लांग यांनी अनुकूल भूमिका घेतली आणि मे २००१ मध्ये तसा करारनामा झाला. पालकांच्या दृष्टीने ही मोठी सुटका ठरली असती. पगार, इमारती, कर्मचारी हे सारे शासनाकडे गेले असते. पण शिक्षक संघटना आणि इतर काही संघटनांनी त्यास हरकत घेतली. फ्रेंच राज्यघटनेत १९९२ मध्ये 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे' असे वाक्य घालण्यात आले आहे. सरकारी शाळेत शिक्षणाचे आणि शालेय जीवनाचे मुख्य माध्यम दुसरी भाषा असू शकत नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. प्रशासकीय बाबींतील सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या 'कॉन्सेई देता'ने ऑक्टोबर २००१ मध्ये निर्णयाला स्थगिती दिली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये तो रद्दबातल ठरवला. दीवान पुन्हा पालकांच्या खांद्यावर आली.

वीस वर्षांनी हाच वाद नव्याने पेटला. ब्रिटनीचे खासदार पॉल मोलाक यांनी प्रादेशिक भाषांच्या संरक्षणाचे विधेयक मांडले आणि एप्रिल २०२१ मध्ये नॅशनल असेंब्लीने ते २४७ विरुद्ध ७६ मतांनी संमत केले. निमज्जन पद्धतीला त्यात कायद्याचे अधिष्ठान देण्यात आले होते. परंतु २१ मे २०२१ रोजी घटना परिषदेने नेमके तेच कलम घटनाबाह्य ठरवले. त्यानंतरच्या आठवड्यात ब्रिटनीत गँगां येथे आणि बास्क प्रदेशात मोठे मोर्चे निघाले. त्यांत मुलांना खांद्यावर घेतलेले पालक मोठ्या संख्येने होते. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने परिपत्रक काढून निमज्जन ही शिकवण्याची एक रीत म्हणून वापरण्यास वाट ठेवली. शाळा चालू राहिल्या, पण कायद्याचे भक्कम छत्र मिळाले नाही.

या कायद्यातील एक तरतूद मात्र टिकली आणि ती पालकांच्या फायद्याची होती. दीवान शाळेत आसपासच्या अनेक गावांतील मुले येतात. दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या खर्चाचा वाटा त्याच्या गावच्या नगरपालिकेने उचलावा की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद होत. प्रादेशिक भाषेचे द्विभाषिक शिक्षण घेणाऱ्या मुलांबाबत हा वाटा देण्याचा मार्ग २०२१ च्या कायद्याने मोकळा केला. त्याआधी २०१९ मध्ये शिक्षणाच्या सक्तीचे वय तीन वर्षांवर आल्याने बालवाडीच्या मुलांसाठीही नगरपालिकांचे दायित्व वाढले होते.

विरोधकांचे म्हणणे सरसकट दुष्टपणाचे म्हणून झटकता येणार नाही. एक देश, एक शाळा, एक भाषा या तत्त्वानेच गरीब खेड्यातील मूल आणि श्रीमंत शहरातील मूल एका बाकावर बसले, असे त्यांना मनापासून वाटते. भाषेच्या नावाने वेगळ्या शाळा निघाल्या तर ही समता विरेल, अशी त्यांची भीती आहे. पालकांचे उत्तर असे की, त्यांची मुले फ्रेंचही तितकीच चांगली शिकतात आणि दोन भाषा येणारा नागरिक कमी फ्रेंच ठरत नाही.

आणखी दोन वाटा

ब्रिटनीतील द्विभाषिक शिक्षण दीवानपुरतेच मर्यादित नाही. सरकारी शाळांतच ब्रेतॉन आणि फ्रेंच यांना निम्मा-निम्मा वेळ देणारे वर्ग सुरू व्हावेत, यासाठी पालकांनी १९७९ मध्ये 'दिव येझ', म्हणजे 'दोन भाषा', ही संघटना स्थापली. १९९० पासून कॅथलिक शाळांमध्येही असे वर्ग निघाले आणि त्यांच्यामागे 'दिऊन', म्हणजे 'जागे', ही पालकांची संघटना उभी राहिली. तिन्ही प्रवाह मिळून सुमारे २० हजार विद्यार्थी द्विभाषिक शिक्षण घेतात आणि त्यांत दीवानचा वाटा साधारण पाचवा हिस्सा आहे.

या दोन्ही वाटांवर पगार आणि इमारतीची चिंता कमी असते. पण पालकांचे काम संपत नाही. वर्ग सुरू होण्यासाठी पुरेशी कुटुंबे गोळा करणे, नगरपालिकेला आणि शिक्षण खात्याला पटवणे, शिक्षक बदलून गेला तर दुसरा मिळेपर्यंत पाठपुरावा करणे हे त्यांनाच करावे लागते. तिन्ही ठिकाणचा अनुभव सारखाच आहे. मागणी करणारे पालक असतील तेथेच वर्ग उघडतो.

उरलेला प्रश्न

या साऱ्या प्रयत्नांपुढे आकडे कठोर आहेत. युनेस्कोने ब्रेतॉनची नोंद गंभीर धोक्यातील भाषा अशी केली आहे. २०१८ च्या पाहणीत तिच्या भाषकांची संख्या सुमारे २ लाख आढळली होती. २०२४ च्या पाहणीत ती सुमारे १ लाख ७ हजारांवर आली. घरात भाषा शिकलेली वृद्ध पिढी वेगाने नाहीशी होत आहे आणि शाळेतून येणाऱ्या मुलांची संख्या ती पोकळी भरून काढण्यास अपुरी आहे.

शाळेच्या भिंतींच्या आतही आव्हान आहेच. वर्गात ब्रेतॉन बोलणारी मुले मधल्या सुट्टीत, विशेषतः वय वाढल्यावर, फ्रेंचकडे वळतात. शाळा संपल्यावर ब्रेतॉनमध्ये नोकरी, करमणूक आणि मैत्री मिळाली नाही तर ती भाषा कपाटातील प्रमाणपत्रासारखी होऊन बसते. म्हणूनच फेस्त-नोझ, रेदादेग, सुट्टीतील शिबिरे, ब्रेतॉनमधील नाटके यांना निधीपलीकडचे महत्त्व आहे. तेथे भाषा अभ्यासाचा विषय राहत नाही. ती नाचण्याची, ओरडण्याची, थट्टेची भाषा होते.

पालकांच्या शक्तीलाही मर्यादा आहेत. समितीत तीच ती मोजकी माणसे वर्षानुवर्षे राबतात आणि थकतात. एकट्याने मूल वाढवणारी आई किंवा पाळीत काम करणारा बाप यांना शनिवार-रविवार देणे परवडत नाही. मूल शाळेतून बाहेर पडले की पालकही जातात आणि अनुभव त्यांच्यासोबत जातो. शासनाच्या शाळेला असा धोका नसतो. स्वेच्छेवर उभ्या राहिलेल्या संस्थेला मात्र प्रत्येक पिढीत पुन्हा नव्याने माणसे जोडावी लागतात.

पाच मुलांच्या बालवाडीपासून सुरू झालेला हा प्रवास भाषा वाचवू शकेल की नाही, हे येत्या दोन-तीन दशकांत ठरेल. दीवानमधून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकड्यांतील मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांच्यापैकी काहीजण आपल्या मुलांशी घरी ब्रेतॉन बोलतात. म्हणजे त्यांच्या आजीआजोबांनी जे थांबवले होते, ते पुन्हा सुरू झाले आहे. अशा घरांची संख्या अद्याप थोडी आहे. शाळेच्या यशाचे खरे माप मात्र परीक्षेच्या निकालापेक्षा त्या घरांच्या संख्येतच शोधावे लागेल.